सांग बघू

आमच्या लोहाऱ्याकडं शाळेतून आलेल्या पोराला “अभ्यास केलास का?” असं कुणी विचारत नसे. “पाठ झालं का?” असं विचारत. अभ्यास म्हणजे पाठ, आणि पाठ म्हणजे मोठ्यानं, मान हलवत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं घोकणं. दिवेलागणीला चिमण्या पेटल्या की घराघरातून हा आवाज निघायचा. कुठं पाढे, कुठं कविता, कुठं शिवाजी महाराजांच्या जन्माचं साल. एखाद्या घरातून आवाज आला नाही की शेजारची बाई ओट्यावरून विचारायची, “पोरगं निजलं का काय गं?” गप्प बसून वाचणारं पोर आळशी आणि ओरडून वाचणारं हुशार, असा सरळ हिशेब होता.

हा हिशेब चुकीचा म्हणावा, तर त्यामागं पिढ्यांची सवय होती. आमचे आजोबा निजामाच्या राजवटीत चौथीपर्यंत शिकलेले. सरकारी शाळेची भाषा उर्दू. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तोवर मराठवाड्यातल्या पोराला आईच्या भाषेत शिकायचं म्हणजे वेगळी खटपट करावी लागे. आमच्या जवळच्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली ती त्या खटपटीतूनच. पुढं हैदराबादच्या लढ्याचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेत शिकवायला होते. आजोबांच्या वाट्याला मात्र ती शाळा आली नाही. अलिफ, बे, पे त्यांना म्हातारपणीही पाठ होतं, पण उर्दूत लिहिलेला कागद समोर धरला तर ते म्हणायचे, “अक्षर वळखू येतंय, पर बोलंना झालंय.” पाठ झालेलं आणि कळलेलं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडं बघून शिकलो.

त्याच आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ होती. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचाही पाढा असतो, हे आजच्या लेकरांना सांगितलं तर ती हसतात. पण सोळा आण्यांचा रुपया होता, तेव्हा बाजारात पाव आणि पाऊण हेच चलन होतं. 1957 साली नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले आणि ह्या पाढ्यांचं काम संपलं. आजोबांचं मात्र संपलं नाही. आडतीवर तुरीचा भाव सांगितला की कागदपेन्सिल असलेल्या दिवाणजीच्या आधी त्यांचा आकडा तयार असायचा.

मी दुसरी-तिसरीत असेन. मलाही सातचा पाढा पाठ होता. ते मला मधूनच विचारायचे, “सात अट्ठे?” मग मी मनातल्या मनात ‘सात एके सात, सात दुणे चौदा’ असा पायथ्यापासून चढत आठापर्यंत पोचायचो. आजोबा तोवर तंबाखू मळून संपवायचे. म्हणायचे, “तुझा पाढा म्हंजी दोर हाय. वढला की सगळा येतोय, पर मधली गाठ सापडंना. आडतीवर कुनी तुला पयल्यापासनं म्हन म्हनत नसतंय.” मग ते उलटेसुलटे विचारत राहायचे. जनावरांना पाणी पाजताना सात सक, शेताकडं जाताना सात नव्वे. महिनाभरात दोराच्या गाठी सुट्या झाल्या. शाळेत रोज शंभर पोरांच्या सुरात पाढा म्हणून जे झालं नव्हतं, ते वाटेवरच्या चार प्रश्नांनी झालं.

माझा थोरला चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणतो. 1972 च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला जात होती तेव्हा तो आठ वर्षांचा होता. शाळेत सुकडी मिळायची म्हणून तो शाळेत टिकला, असं तो स्वतःच सांगतो. कोरडवाहू जमीन, चार वाटेकरी. त्यामुळं घरातल्या एका तरी पोरानं मॅट्रिक होऊन नोकरी धरावी, हे सगळ्या खटल्याचं स्वप्न होतं. ते पहिल्यांदा दादाच्या डोक्यावर ठेवलं गेलं.

दादानं केलेले कष्ट मी डोळ्यांनी पाहिलेत. रॉकेल रेशनवर मिळायचं, तरी त्याच्या कंदिलाला कुणी कमी पडू देत नसे. परीक्षेआधी दीड महिना तो माळवदावर जाऊन बसायचा. इतिहासाचा धडा वाचायचा, संपला की परत पहिल्यापासून वाचायचा. एका धड्याच्या दहा-दहा आवृत्त्या व्हायच्या. महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेन्सिल. आठव्या वाचनाला पुस्तक इतकं ओळखीचं झालेलं असायचं की पान उलटायच्या आधी पुढच्या पानावरचं पहिलं वाक्य त्याच्या तोंडात यायचं. म्हणायचा, “समदं डोळ्यापुढं हाय बग. कुटल्या पानावर, कुटल्या कोपऱ्यात, ते बी.” त्याला खरंच तसं वाटायचं. कुणालाही वाटलं असतं.

आणि पेपरात पुस्तक नसायचं. प्रश्न समोर यायचा तो उघडा, एकटा, आधीची ओळ नाही आणि नंतरची ओळ नाही. दादा सांगायचा, “पान दिसत हुतं रं, पर पानावरची अक्षरं दिसंनात.” इंग्रजी आणि इतिहास-भूगोलात तो मार्चला गेला. ऑक्टोबरला बसला, तेव्हा आवृत्त्या दहाच्या वीस केल्या. इंग्रजी पुन्हा गेलं. निकालाच्या दिवशी चुलते ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, “डोकं न्हाई बाबा. ज्याला न्हाई त्याला न्हाई.” कुणी ओरडलं नाही, कुणी मारलं नाही. पण त्या दिवसापासून घरात ते ठरून गेलं. दादा महिनाभरात आडतीवर हमालीला लागला. आता माळवदावर माझा कंदील चढणार होता.

तो चढला नाही, त्याचं कारण आजी.

आजीला अक्षर येत नव्हतं. अंगठा उठवताना ती शाई लुगड्याला पुसायची आणि त्याची तिला लाज नव्हती. पण जात्यावर बसली की पहाट संपायची, ओवी संपायची नाही. शे-दोनशे ओव्या तरी असतील. त्या तिनं पाठ कधी केल्या, असं विचारलं तर तिला प्रश्नच कळायचा नाही. “पाठ कशाला करायच्या? म्हनत गेलं की येत्यात.” समोर खुंट्याला दुसरी बाई असायची. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं पुरी करायची. अडलं तर जातं थांबायचं नाही, आठवून हात चालूच ठेवायचा. रोज पहाटे न चुकता ही परीक्षाच होती, फक्त तिला कुणी परीक्षा म्हणत नव्हतं. देवळातल्या भजनाचंही तसंच. हरिपाठ म्हणणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांनी पोथी उघडलेली मी पाहिली नाही. चुकलं तर शेजारचा टाळकरी सावरून घ्यायचा.

दादाचं बघून आजीच्या मनानं काय घेतलं कोण जाणे. मी नववीत गेल्यावर तिनं एक नेम धरला. रात्री जेवणं झाली की ती तुरी निवडायला सूप घेऊन बसायची आणि मला समोर बसवायची. पुस्तक मांडीखाली घालायला लावायची. “सांग बघू, आज मास्तरनं काय सांगितलं?”

मी सांगायचो. ती शाळेत गेलेली नाही, म्हणून जरा काही वगळलं की तिला कळायचं नाही असं मला वाटे. पण तिला लगेच कळायचं. “मग पानी वर गेलं आन ढग झालं, बरं. मग त्यो ढग आपल्याकडं का येईना? तिकडं कोकनातच का पडतोय?” मी अडायचो. ती सूप हलवत गप्प बसायची. पुस्तक बघू द्यायची नाही. “आठव की. गडबड हाय का काय?” पाच मिनिटं गेली, काही आलंच नाही, की मग म्हणायची, “आता बघ.” त्या वेळी उघडलेल्या पुस्तकातली ती एक ओळ जी डोक्यात बसायची, ती आजतागायत उठलेली नाही. सह्याद्री, वाऱ्याकडची बाजू, पर्जन्यछायेचा प्रदेश. आपल्या रानात पाऊस का कमी, ह्याचं उत्तर मी आजीला सांगता सांगता शिकलो.

चार दिवस गेले की ती मागचंच काढायची. “त्या ढगाचं काय हुतं रं?” मी म्हणायचो, “आजे, ते झालंय की.” ती म्हणायची, “झालंय तर सांग.” पुन्हा पंधरा दिवसांनी तेच. मोटेच्या पाण्याचं उदाहरण तिच्या तोंडात असायचं. सगळं पाणी एका दिवशी वाफ्यात सोडलं तर बांध फोडून जातंय. थोडं पाजावं, जमीन जरा सुकू द्यावी, मग पुन्हा पाजावं. सुकू दिल्याशिवाय मूळ खाली जात नाही.

1982 च्या मार्चला मी दहावी पास झालो. डी.एड. केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झालो. गावानं म्हटलं, ह्याला डोकं आहे. दादा तेव्हा आडतीवर पोती वाहत होता.

त्या दादाचं आडतीवरचं काम मी सुटीत जाऊन बघायचो. सुगीच्या दिवसांत रोज पन्नास-साठ शेतकऱ्यांचा माल यायचा. कुणाचे किती कट्टे, उडीद किती, मूग किती, कुणाची पोती ओली होती म्हणून बाजूला लावली, हे सगळं त्याच्या डोक्यात. संध्याकाळी दिवे लागल्यावर शेठ वही उघडून बसायचे आणि दादा उभ्यानं सांगायचा, ते लिहायचे. क्वचितच चूक व्हायची. आठ दिवसांनी एखादा शेतकरी भांडत आला तर शेठ वहीच्या आधी दादाला हाक मारायचे. डोकं नसलेला माणूस म्हणून घरानं ज्याला बाजूला ठेवलं, त्याच्या डोक्यावर एका दुकानाचा व्यवहार चालला होता. मी तेव्हापासून मनात एक शंका बाळगून होतो. डोकं तेच, मग पेपरात एक आणि आडतीवर दुसरं असं का?

शिक्षक म्हणून माझ्या पहिल्या वर्षांत ह्याची उत्तरं तुकड्यातुकड्यानं मिळत गेली. शाळेत तांड्यावरची लेकरं यायची, त्यांच्या घरात गोरमाटी. सीमेकडच्या गावांतली काही लेकरं घरात कानडी बोलायची. त्यांना मराठीतला उत्तराचा उतारा अक्षरन् अक्षर पाठ असायचा. पण “दुष्काळ म्हणजे काय?” ह्याऐवजी “तुमच्याकडं दुष्काळ पडला तर काय काय होतं?” असं विचारलं की ती गप्प. प्रश्नाचा शब्द बदलला की पाठ तुटायचा. हाच प्रश्न त्यांच्या बोलीत विचारला की मात्र थांबायची नाहीत. ज्या गोष्टीला अनुभवाची खुंटी असते ती टांगून राहते. बाकीचं जमिनीवर पडतं.

घोकण्याला मी नावं ठेवणारा नाही. काही गोष्टी घोकल्याच पाहिजेत. इंद्रधनुष्याचे रंग आम्ही ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून पाठ केले आणि नातवंडंही तेच म्हणतात. इंग्रजी महिन्यांचे दिवस मुठीच्या उंचवट्यांवर मोजले. तालाला, यमकाला, बोटाला बांधलेलं सहसा विसरत नाही. पण नुसत्या पाठाची एक गंमत आहे. आम्ही पोरपणी महाराष्ट्राचे 26 जिल्हे ओळीनं पाठ केले होते. 1982 च्या ऑगस्टात आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला. 1999 ला उमरग्यातून लोहारा तालुका निघाला. आज जिल्हे 36 आहेत आणि उस्मानाबादचं नाव धाराशिव झालंय. यादी पाठ केलेला माणूस अडकला. नकाशा डोक्यात असलेल्यानं त्यावर नवी रेघ ओढली.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं माळवदाच्या मातीखाली गेली. आमच्याकडच्या घरांच्या भिंती दगडामातीच्या, हात-दीड हात जाड, आणि वर पावसापासून राखायला वर्षानुवर्षं चढवलेली माती. ज्या माळवदावर बसून आम्ही अभ्यास केला, त्याच माळवदांनी माणसं झाकली. मेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला.

मी तेव्हा त्या पट्ट्यातल्या एका गावात शिकवत होतो. शाळा पुन्हा भरली ती पत्र्याच्या शेडमध्ये. पहिल्या दिवशी हजेरीपट नव्हता. मी नावं आठवून घेत गेलो, आणि काही नावांपुढं कुणी ‘हजर’ म्हटलं नाही. त्यावर जास्त लिहिणार नाही.

पुस्तकं मातीत गेली होती. नवी यायला वेळ लागणार होता. मग करायचं काय? मी मुलांना म्हणालो, “आपणच पुस्तक काढू. ज्याला जे आठवतंय ते त्यानं सांगायचं.” एकानं कवितेचं पहिलं कडवं सांगितलं, दुसरीनं दुसरं. तिसऱ्या कडव्याला गाडी अडली. कुणी शेवटची ओळ सांगितली, कुणी मधला एक शब्द. तासाभरात कविता पुरी झाली. मग विज्ञानाचा धडा, मग गणिताची रीत. मी फळकुटावर खडूनं लिहीत होतो आणि मुलं भांडत होती, “तसं न्हाई गुरुजी, आधी ते हुतं.” त्या मुलांना त्या वर्षीचा अभ्यास जसा आला तसा पुस्तकं समोर असताना कुठल्याही तुकडीला आलेला मी पाहिला नाही. लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत हरवल्यावर महानुभावांनी ते आठवणीतून पुन्हा उभं केलं, असं त्यांची परंपरा सांगते. ते शक्य कसं झालं असेल, हे मला त्या शेडमध्ये थोडंसं उमगलं.

पण त्याच शेडमध्ये एक मुलगा होता. भूकंपाआधी वर्गात पहिला. आता त्याला काहीच आठवायचं नाही. पाचचा पाढा म्हणताना पंचवीसला थांबायचा आणि पत्र्याकडं बघत राहायचा. त्याच्या घरात तो आणि एक चुलती, एवढीच माणसं उरली होती. मी त्याला काही विचारायचं सोडून दिलं. चुलतीनं सांगितलं की तो रात्री झोपतच नाही, दार उघडं ठेवून बसतो. मग मी दुपारच्या सुटीनंतर त्याला शेडच्या कडेला, उघड्यावर, लिंबाखाली झोपू द्यायला लागलो. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “हा विद्यार्थी झोपलाय का?” मी म्हणालो, “होय साहेब, अभ्यास करतोय.” दिवाळीनंतर हळूहळू त्याचा पाढा पंचवीसच्या पुढं गेला. झोप नसेल तर डोक्यात काही ठरत नाही आणि भीती असेल तर ठरलेलंही वर येत नाही. हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नाही. छडी त्याआधीही मी फारशी धरली नव्हती, नंतर वर्गात ठेवलीच नाही.

त्यानंतरच्या वर्षांत लातूर पॅटर्नचा बोलबाला झाला. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांचे निकाल पेपरात झळकायला लागले आणि आमच्याकडची पोरं दहावी झाली की ट्रंक घेऊन लातूर गाठू लागली. लोक म्हणायचे, तिकडं काहीतरी जादू आहे. माझे कितीतरी विद्यार्थी तिकडं राहिले. त्यांच्याकडून मी खोदून खोदून विचारून घेतलं. जादूचा मोठा भाग म्हणजे सराव परीक्षा. शिकवलं की परीक्षा, चुका तपासल्या की परत परीक्षा, मागच्या वर्षांचे पेपर पुन्हा पुन्हा सोडवणं. मला हसू आलं. मेसचा डबा, खोलीचं भाडं आणि शिकवणीची फी देऊन पोरं जे घ्यायला जात होती, त्यातला अर्धा भाग आमची आजी तुरी निवडता निवडता फुकट देत होती. फरक एवढाच की ज्याच्या बापाला लातूर परवडत नाही, त्याला कुणीतरी ‘सांग बघू’ म्हणणारं लागतं, आणि ते प्रत्येक घरात नसतं.

दादाचा धाकटा मुलगा शिकला. तो बी.एड. करत होता तेव्हा एका दिवाळीला घरी आला आणि ओसरीवर बसून मला त्याच्या अभ्यासातलं सांगायला लागला. 1885 साली हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं विसरण्याचं मोजमाप केलं. अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करायची आणि किती वेळानं किती उरतं ते बघायचं. त्याला दिसलं की विसरणं सुरुवातीलाच फार झपाट्यानं होतं. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त गळून जातं, मग गळती मंदावते.

मग त्यानं दुसरा प्रयोग सांगितला, 2006 चा. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके ह्या दोघांनी केलेला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं चारही पाळ्या तो नुसता वाचला. दुसऱ्या गटानं एक पाळी वाचला आणि उरलेल्या तीन पाळ्या उतारा बंद करून, आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तर उलटं झालं. वाचणाऱ्यांना साधारण 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आणि गंमत अशी, की आधी विचारलं होतं तेव्हा ‘आम्हाला चांगलं आठवेल’ असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

दादा खांबाला टेकून अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. तो ऐकतोय असं मला वाटलं नव्हतं. त्याचा हात थांबला. पोराला म्हणाला, “परत सांग.” पोरानं परत सांगितलं. दादा बराच वेळ अंगणाकडं बघत बसला. मग म्हणाला, “वीस येळा वाचलतं रं मी. येकदा बी पुस्तक झाकून बघितलं न्हाई. कुनी झाक म्हनलंच न्हाई.” आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, “म्हंजी डोकं व्हतं म्हन की.”

चाळीस वर्षं झाली होती त्या निकालाला. चुलते वारले, आजी वारली, आडत दुसऱ्याच्या हातात गेली. घरानं सहज उच्चारलेलं एक वाक्य दादा पाठीवरच्या पोत्यासारखं वागवत होता. त्या दिवाळीला ते पोतं थोडं सैल झालं, एवढं मला दिसलं. उतरलं असं म्हणणार नाही. वय निघून गेल्यावर कळलेल्या गोष्टीनं नोकरी मिळत नाही.

मी आता निवृत्त आहे. गावातले आईबाप अजून येतात. “गुरुजी, पोराच्या ध्यानातच राहत नाही, त्याला डोकंच नाही,” असं म्हणतात. आता पोराच्या हातात मोबाईल असतो आणि त्यात तासभराचे व्हिडिओ. पोरगं ते बघतं, मान डोलावतं. दादाला आठव्या वाचनाला जसं सगळं ओळखीचं वाटायचं, तसंच त्याला वाटतं. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. बाजारात शंभर माणसं ओळखीची दिसतात, पण नाव विचारलं की दहाचीच सांगता येतात.

मी त्यांना फार थोडं सांगतो. धडा एकदा नीट, समजून वाचू द्या. मग पुस्तक मिटवा आणि त्याला सांगू द्या, नाहीतर लिहू द्या. अडला तर लगेच सांगू नका, जरा आठवू द्या. नाहीच आलं तर पुस्तक उघडू द्या. दुसऱ्या दिवशी विचारा, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. गणितं एका जातीची वीस एका बैठकीत सोडवण्यापेक्षा जाती मिसळून द्या, म्हणजे कुठली रीत कुठं लावायची हे त्याला ठरवावं लागेल. रात्री वेळेवर झोपू द्या. आणि त्याच्यापुढं ‘डोकं नाही’ हा शब्द काढू नका.

परवा एक बाई आली. ऊसतोडीला जाणारी, सहा महिने बाहेर. पोरगी आठवीत, गावात आजीजवळ राहते. म्हणाली, “गुरुजी, माझी सासू आडानी. पोरीचा अभ्यास कोन घ्यावा?” मी तिला म्हणालो, सासूला अक्षर येत नाही हे बरंच आहे. तिला पोरगी पुस्तकातलं जसंच्या तसं वाचून दाखवून फसवू शकणार नाही, तिला समजेल असंच सांगावं लागेल. तू फक्त सासूला एवढं सांगून जा, की रोज रात्री निवडणं-टिपणं करताना पोरीला समोर बसवायचं, पुस्तक मांडीखाली घालायला लावायचं, आणि विचारायचं.

“काय इचारायचं?” ती म्हणाली.

“सांग बघू, आज काय शिकलीस. एवढंच.”

तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. पण जाताना तिनं ते शब्द दोनदा पुटपुटून घेतले.